भूदासाची फिर्याद कोण ऐकायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "पुस्तकात भूदास म्हणजे 'जमिनीला बांधलेला शेतकरी' एवढंच दिलंय. मग तो गुलामापेक्षा वेगळा कसा? आणि मराठीत त्याला वेठबिगार म्हटलं तर चालेल का?"

मी तालुक्याच्या कॉलेजात तीस वर्षं युरोपचा मध्ययुगीन इतिहास शिकवला. हा प्रश्न दर वर्षी वर्गात यायचा आणि दर वर्षी मी मुलांना 'जमिनीला बांधलेला' हे शब्द आधी बाजूला ठेवायला सांगायचो. शब्द खोटे नाहीत. पण ते ऐकले की डोळ्यांपुढे दावणीचं जनावर येतं, आणि दावणीच्या जनावराला ना जमीन असते, ना घर, ना गावच्या बैठकीत तोंड. भूदासाला हे तिन्ही होतं, तरीही तो पारतंत्र्यात होता. ते पारतंत्र्य नेमकं कुठे होतं हे शोधायचं तर एकच विचारावं: या माणसावर त्याच्या जमीनदाराने अन्याय केला, तर फिर्याद ऐकायला कोण बसलंय?

एक गाव डोळ्यांपुढे आणू. इंग्लंड, साधारण १२८० साल. तिथे जमीनदाराच्या वहिवाटीखालच्या मुलखाला 'मॅनर' म्हणत. त्यातली काही जमीन जमीनदार स्वतःसाठी राखून ठेवी. आपल्याकडे सरकार किंवा इनामदार स्वतःकडे ठेवत असलेल्या जमिनीला 'शेरी' म्हणायचे, तसंच काहीसं. बाकीची जमीन गावकऱ्यांच्या ताब्यात. त्यातला मधल्या ऐपतीचा भूदास घेतला, तर त्याच्याकडे 'व्हर्गेट' नावाची वहिवाट असे, साधारण ३० एकरांची. कुणाकडे निम्मी, आणि पुष्कळांकडे झोपडीभोवतीचे दोन-चार एकर. त्या जड मातीला आठ बैलांचा नांगर लागायचा, म्हणून आपल्याकडे सावड करतात तसे शेजारीपाजारी बैल एकत्र करायचे. पीक त्याचं, घर त्याचं, आणि बापामागून वहिवाट मुलाकडे.

या जमिनीच्या बदल्यात तो शेरीवर राबायचा. व्हर्गेटवाल्याकडून आठवड्याला दोन-तीन दिवस काम घेण्याची रीत बऱ्याच मॅनरमध्ये होती. सुगीत त्यावर आणखी दिवस, आणि तेव्हा घरची सगळी माणसं घेऊन जायचं. सुगीच्या या वेठीला जेवण मिळे. जेवणाबरोबर बिअर असली तर 'ओली' वेठ आणि नुसतं पाणी असलं तर 'कोरडी', असा फरक नोंदवह्यांत काटेकोरपणे लिहिलेला सापडतो. या तपशिलाकडे मी मुलांचं मुद्दाम लक्ष वेधतो. गुलामाला काय प्यायला द्यायचं याची नोंद करारासारखी लिहून ठेवावी लागत नाही. इथे मात्र दोन्ही बाजूंना पाठ असलेली एक रूढी आहे, आणि ओल्या दिवशी बिअर आली नाही तर लोक कुरकुर करणार हे कारभाऱ्याला ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ही वेठ बहुधा माणसावर नसून वहिवाटीवर असे. व्हर्गेटमागे इतके दिवस काम, मग ते कुणीही करो. सधन भूदास स्वतः जातच नसे, मुलाला नाहीतर रोजावर ठेवलेल्या गड्याला पाठवी. म्हणजे भूदासाच्या पदरी मजूर असू शकत होता. आता त्या मजुराची आणि या भूदासाची तुलना करा. मजूर कायद्याने स्वतंत्र असेल, पण पोटाला महाग. भूदास परतंत्र, पण कणगी भरलेली. गरिबी आणि पारतंत्र्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत त्या नव्वद टक्के वेळा एकमेकींत मिसळलेल्या असतात.

तर मग पारतंत्र्य कुठे? न्यायालयात.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात राजा दुसरा हेन्री याने राजाच्या न्यायालयाचं दार जमीनधारकांना उघडलं. तुमची जमीन कुणी बळकावली, अगदी तुमच्या जमीनदाराने बळकावली, तरी ठराविक फी भरून राजाचा हुकूम काढता येऊ लागला. ही फार मोठी गोष्ट होती. पण हे दार सगळ्यांना उघडलं तर प्रत्येक शेतकरी आपल्या जमीनदाराला राजाच्या न्यायाधीशापुढे उभं करील, ही धास्ती लगेच निर्माण झाली. मग न्यायालयाने ठरवलं की हा हक्क फक्त स्वतंत्र माणसाला. आता स्वतंत्र कोण आणि अस्वतंत्र कोण हे दर खटल्यात ठरवणं आलं. त्याआधी गावात कमी-जास्त बांधिलकीचे शेतकरी होते, त्यांच्यात स्पष्ट रेघ नव्हती. ती रेघ वकिलांनी ओढली. एकाला न्याय मिळावा म्हणून उघडलेल्या दारानेच दुसऱ्याला कायमचं बाहेर ठेवलं, आणि इंग्लंडची सुमारे निम्मी शेतकरी वस्ती 'व्हिलेन' या शिक्क्याखाली आली. हा शब्द मुळात नुसता 'गावकरी' अशा अर्थाचा होता. पुढे इंग्रजीत तो दुष्ट माणसासाठी रूढ झाला, आणि सिनेमातल्या 'व्हिलन'पर्यंत पोहोचला. वरच्या वर्गाला खेडूत कसा दिसत होता ते त्या एका शब्दात साठलंय.

१२१५ चा मॅग्ना कार्टा सगळे अभिमानाने पाठ करतात. कायद्याशिवाय कुणालाही कैद करता येणार नाही, हे त्याचं प्रसिद्ध कलम. ते नीट वाचा: 'कोणत्याही स्वतंत्र माणसाला' असं तिथे लिहिलंय. व्हिलेन त्यात नव्हता. व्हिलेनचा उल्लेख दुसऱ्या कलमात येतो, दंड आकारताना त्याची शेतीची साधनं हिरावू नयेत म्हणून. कारण साधनं गेली तर जमीन कसणार कोण?

कायद्याच्या या बांधणीत एक बारकावा आहे आणि गुलामाशी फरक तिथेच स्पष्ट होतो. इंग्रज कायद्यात व्हिलेन फक्त आपल्या जमीनदारापुढे परतंत्र होता. बाकी सगळ्या जगापुढे तो स्वतंत्र माणसासारखाच. शेजाऱ्याने मारलं तर तो शेजाऱ्यावर दावा लावू शकत होता. खुद्द जमीनदारानेही त्याचा जीव घेतला किंवा त्याला पांगळं केलं, तर तो राजाचा गुन्हा होता. गुलाम मात्र कायद्यापुढे एक वस्तू, ज्याच्या हाती जाईल त्याची. व्हिलेनचं पारतंत्र्य म्हणजे एका माणसाशी असलेलं नातं. पण ते नातं ज्या माणसाशी होतं, त्याच्याविरुद्ध दाद मागायला त्याच माणसाचं न्यायालय होतं.

मॅनरचं हे न्यायालय दर काही आठवड्यांनी भरायचं. जमीनदाराचा कारभारी अध्यक्ष, लिहायला कारकून, आणि रूढी काय आहे हे सांगायला गावातलेच पंच, जे बहुतेक स्वतः भूदास असत. तिथे मुलीच्या लग्नासाठी परवानगीची रक्कम भरायची, तिला 'मर्चेट' म्हणत. कर्ता पुरुष वारला की घरातलं सर्वांत चांगलं जनावर जमीनदाराला द्यायचं, ते 'हेरिअट'. गाव सोडून दुसरीकडे राहायचं तर दर वर्षी थोडी रक्कम भरायची आणि हजेरी लावायची. रॅम्झीच्या मठाच्या नोंदींत अनेक मुलींनी मर्चेट स्वतःच्या कमाईतून भरल्याचं दिसतं. एखादी पोर कुणाच्या तरी घरी चाकरी करून चार शिलिंग साठवते आणि स्वतःच्या लग्नाची परवानगी स्वतःच विकत घेते, हे चित्र मला फार वेळ सोडत नाही. एखादा माणूस व्हिलेन आहे की नाही असा वाद राजाच्या न्यायालयात गेला, की विचारत, 'याच्या घराण्याने मर्चेट भरलंय का?' लेकीच्या लग्नाची पावती बापाच्या पारतंत्र्याचा पुरावा व्हायची.

पण या न्यायालयाने भूदासाला थोडं संरक्षणही दिलं, आणि ते लपवलं तर चित्र एकांगी होईल. रूढी पंच सांगत, त्यामुळे जमीनदाराला रातोरात वेठ वाढवणं अवघड जाई. तेराव्या शतकात लोकसंख्या वाढली, जमिनीला भाव आला, आणि स्वतंत्र कुळांचे नवे खंड चढत गेले. भूदासांची जुनी देणी मात्र रूढीने जागच्या जागी राहिली, इतकी की पुष्कळ ठिकाणी ती बाजारभावाच्या खंडापेक्षा कमी होती. त्याच शतकातल्या एका प्रसिद्ध कायदेग्रंथात म्हटलंय की व्हिलेनला आज संध्याकाळी माहीत नसतं की उद्या सकाळी कोणतं काम करावं लागेल. कागदावरचा कायदा तसा होताही. पण गावच्या वहीत दिवस, काम आणि बिअर सगळं मोजलेलं होतं. भूदासाचं आयुष्य या दोन कागदांच्या मधल्या फटीत चालायचं, आणि ती फट किती रुंद हे जमीनदार किती बलवान यावर ठरायचं.

आता दळणाबद्दल. भूदासाने धान्य जमीनदाराच्याच गिरणीत दळायचं आणि दळणातला हिस्सा द्यायचा, अशी सक्ती अनेक ठिकाणी होती. घरी जातं ठेवणं म्हणजे जमीनदाराचं उत्पन्न बुडवणं. सेंट ऑल्बन्सच्या मठाची जमीनदारी होती, आणि तिथल्या लोकांनी हातजात्यांसाठी पिढ्यान् पिढ्या भांडण केलं. १३३० च्या दशकाच्या सुरुवातीला मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्डने ती जाती जप्त केली आणि त्यांच्या तळ्या मठाच्या दिवाणखान्यात फरशी म्हणून बसवल्या. हा रिचर्ड मोठा गणिती होता, त्याने आकाशातल्या ग्रहांची गती दाखवणारं घड्याळ बनवलं, आणि विज्ञानाच्या इतिहासात त्याचं नाव आदराने घेतात. पण त्याच्याकडे दाद मागायला येणारा माणूस आपल्याच घरच्या जात्यावर पाय ठेवून उभा राहायचा. पन्नास वर्षांनी, १३८१ च्या बंडात, लोक मठात घुसले, ती फरशी उखडली, दगडांचे तुकडे केले आणि चर्चमध्ये प्रसादाचा पाव वाटतात तसे ते आपसांत वाटून घेतले.

हे मी सांगितलं की वर्गातल्या मुली गप्प व्हायच्या. ज्यांच्या आजीने पहाटे जात्यावर ओव्या म्हटल्या आहेत, त्यांना जातं जप्त होणं म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही.

१३८१ च्या बंडाकडे यायचं तर आधी १३४८ च्या महामारीकडे जावं लागतं. प्लेगने इंग्लंडमधली निदान तिसरा हिस्सा, कदाचित निम्मी माणसं नेली. जमीन तेवढीच, हात कमी. मजुरी चढली, आणि भूदासाला शेजारच्या जमीनदाराकडे जास्त चांगल्या अटींवर जमीन मिळू लागली. राज्यकर्त्यांनी १३४९ चा वटहुकूम आणि १३५१ चा कायदा करून मजुरी जुन्या दरावर गोठवायचा प्रयत्न केला. लोकांनी दोन वाटा धरल्या. एक पळून जाण्याची. दुसरी मला जास्त हृद्य वाटते. १३७७ मध्ये दक्षिण इंग्लंडमधल्या चाळीसहून अधिक गावांनी वर्गणी काढून डूम्सडे बुकातल्या आपापल्या गावाच्या नोंदींच्या नकला काढून घेतल्या. ते बुक म्हणजे १०८६ ची सरकारी जमीन-पाहणी. आपलं गाव पूर्वी राजाच्या खास मालकीचं होतं असं त्यात निघालं, तर वेठ वाढवण्याचा अधिकार जमीनदाराला राहत नाही, अशी त्यांची समजूत होती. जवळपास तीनशे वर्षांपूर्वीचा, स्वतःला वाचता न येणाऱ्या लॅटिनमधला कागद हातात घेऊन ही माणसं उभी राहिली. सातबाऱ्याच्या नकलेसाठी तहसीलच्या खेपा घातलेल्या कुणालाही त्यांची आशा कळेल. न्यायालयांनी ती धुडकावली.

चार वर्षांनी बंड पेटलं तेव्हा बंडखोरांनी ठिकठिकाणी मॅनरच्या नोंदवह्या शोधून जाळल्या. काय जाळायचं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. १४ जून १३८१ रोजी लंडनबाहेर माइल एंड इथे चौदा वर्षांच्या राजा दुसऱ्या रिचर्डने भूदासत्व रद्द केल्याची आणि एकरी चार पेन्स खंडाची वचनं दिली, सनदा लिहून दिल्या. दुसऱ्या दिवशी स्मिथफील्डला बंडाचा पुढारी वॉट टायलर मारला गेला, आणि २ जुलैला सगळ्या सनदा रद्द झाल्या. तरी पुढच्या शंभर वर्षांत इंग्लंडमधलं भूदासत्व विरत गेलं, कारण माणसं टिकवायची तर जमीनदारांना वेठ सोडून रोख खंड घ्यावा लागला. मॅनरच्या वहीतली नक्कल हातात असलेला तो 'नक्कलधारक' कूळ झाला. इंग्लंडमध्ये ही प्रथा रद्द करणारा एकही कायदा झाला नाही. १५७४ मध्ये एलिझाबेथ राणीने आपल्या मालकीच्या जमिनींवरच्या उरल्यासुरल्या भूदासांना पैसे घेऊन मुक्त करण्यासाठी अधिकारी नेमले, म्हणजे तोपर्यंत ते होते.

'सरंजामशाही संपली म्हणून भूदास सुटले' हे वाक्य मी उत्तरपत्रिकेत खोडतो, याचं कारण जर्मनीतल्या एल्ब नदीच्या पूर्वेला गेलं की दिसतं. प्लेग तिथेही गेला. पण पंधराव्या-सोळाव्या शतकांत, पश्चिमेत बेड्या सैल होत असताना, पोलंड, बोहेमिया (आजचा चेक मुलूख) आणि पूर्व जर्मनीत त्या आवळल्या गेल्या. पश्चिमेतल्या शहरांना धान्य हवं होतं, ते ग्दान्स्क बंदरातून जहाजांनी जायचं, आणि ते पिकवायला जमीनदारांना फुकटची मेहनत हवी होती. १५२० मध्ये पोलंडमध्ये आठवड्याला किमान एक दिवस वेठ कायद्याने ठरली, पुढे ती कैक पटींनी वाढली. पण नुसती मागणी असून भागत नाही. त्या मुलखात शहरं दुबळी होती आणि राजा सरदारांच्या मुठीत. गावाला स्वतःची अशी जुनी, घट्ट रूढी नव्हती, आणि पळून जाऊन लपायला जागा नव्हती. पश्चिमेकडे 'शहराची हवा माणसाला मोकळं करते' अशी जर्मन म्हण होती. एक वर्ष आणि एक दिवस शहरात काढला की जुना धनी परत नेऊ शकत नसे. पूर्वेकडच्या सरदारांनी ते दार बंद केलं. चेक भाषेत वेठीला 'रोबोटा' म्हणत, आणि १९२० च्या एका चेक नाटकातून 'रोबोट' हा शब्द जगभर गेला. कारखान्यातल्या यंत्राला आपण आज ज्या नावाने हाक मारतो, ते मुळात वेठीचं नाव आहे.

रशियात ही गोष्ट टोकाला गेली. तिथल्या शेतकऱ्याला जुन्या रीतीने वर्षातून एकदा, शरद ऋतूत सेंट जॉर्जच्या सणाच्या आठवडाभर आधी आणि आठवडाभर नंतर, देणं चुकतं करून जमीनदार बदलता यायचा. १४९७ च्या कायद्याने ती मुदत सगळीकडे एक केली. १५८० च्या दशकापासून काही वर्षं 'मनाईची' जाहीर होऊ लागली. १५९७ मध्ये पळालेल्याला पाच वर्षांपर्यंत शोधून आणण्याची मुभा मिळाली, आणि १६४९ च्या संहितेने ती मुदतच काढून टाकली. पळालेला माणूस, त्याची बायको, मुलं कधीही सापडोत, परत. रशियन भाषेत अजून म्हण आहे: 'घे आजी, हा तुझा सेंट जॉर्जचा सण!' तोंडाशी आलेली आशा हिरावली गेली की म्हणतात.

इथे 'जमिनीला बांधलेला' ही व्याख्या पूर्ण मोडते. अठराव्या शतकातल्या रशियात भूदास जमिनीशिवाय विकले जायचे, पेपरात जाहिराती यायच्या, पत्त्यांच्या डावात ते हरले-जिंकले जायचे. मोजणी 'आत्म्यांमध्ये' व्हायची, एक पुरुष म्हणजे एक आत्मा. युक्रेनचा महाकवी तारास शेवचेन्को जन्माने भूदास होता. त्याची चित्रकला पाहून पीटर्सबर्गच्या कलावंतांनी एका चित्राची सोडत काढली आणि १८३८ मध्ये २,५०० रूबल देऊन त्याला त्याच्या धन्याकडून सोडवलं. जमिनीला बांधलेला शेतकरी असा बाजारात येत नाही. इथे भूदास आणि गुलाम यांतली रेघ जवळपास पुसली गेली होती.

ती का पुसली गेली? पुन्हा आपला पहिला प्रश्न विचारा. १७६७ मध्ये कॅथरीन महाराणीने हुकूम काढला: जो भूदास आपल्या जमीनदाराविरुद्ध अर्ज करील त्याला चाबकाचे फटके आणि सैबेरियात नेर्चिन्स्कला जन्माची सक्तमजुरी. अन्याय झाला तरी तक्रार हाच गुन्हा. त्याच काळात मॉस्कोजवळच्या दार्या साल्टिकोवा नावाच्या जमीनदारणीचा खटला चालू होता. तिने आपल्या माणसांना, त्यातही बायका आणि मुलींना, मारहाण करून ठार केलं होतं. तिच्याविरुद्ध लोकांनी कितीतरी वर्षं अर्ज केले, ते दाबले गेले, अर्जदारांनाच शिक्षा झाल्या. १७६२ मध्ये दोन भूदासांचा अर्ज थेट महाराणीच्या हातात पडला तेव्हा चौकशी लागली, आणि १७६८ मध्ये ३८ खून तिच्यावर शाबीत झाले. तिला जन्मठेप झाली. पण तिच्यासारखीला शिक्षा देणाऱ्या महाराणीनेच बाकीच्यांच्या अर्जाची वाट तोडलेली होती. इंग्लंडमधल्या पंचांनी सांगितलेल्या रूढीसारखं काहीतरी रशियन गावातही होतं, गावची सभा होती. जमीनदाराच्या मर्जीपुढे तिचं चालत नसे.

१९ फेब्रुवारी १८६१ रोजी झार दुसऱ्या अलेक्झांडरने खासगी जमीनदारांच्या सुमारे २.३ कोटी भूदासांना मुक्त केलं. पुस्तकं इथे थांबतात. तुम्ही थांबू नका. मुक्ती मिळाली, पण पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन मात्र विकत घ्यायची होती. बरीचशी किंमत सरकारने जमीनदारांना आगाऊ दिली आणि शेतकऱ्यांकडून ४९ वर्षांच्या हप्त्यांनी वसूल करायचं ठरवलं. पुष्कळ ठिकाणी चांगले तुकडे, कुरणं आणि पाणवठे जमीनदारांकडेच राहिले. हप्त्यांची जबाबदारी सगळ्या गावावर मिळून, त्यामुळे गावाच्या संमतीशिवाय आणि परवान्याशिवाय बाहेर पडता येईना. घरकामाच्या भूदासांना तर जमीन मिळालीच नाही. १९०५ च्या उठावानंतर सरकारला ते हप्ते माफ करावे लागले, आणि १९०७ पासून ते बंद झाले. मधल्या काळात धन्याची जागा कर्जाने घेतली होती.

आता प्रश्नाचा दुसरा भाग: वेठबिगार म्हणावं का?

'वेठ' हा फार जुना शब्द आहे, संस्कृत 'विष्टि'वरून आलेला. विदर्भात अचलपूरजवळ चम्मक इथे वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचा पाचव्या शतकातला ताम्रपट सापडला. त्यात ब्राह्मणांना गाव दान देताना सर्व प्रकारच्या विष्टीतून माफी दिली आहे. माफी दिली याचा अर्थ एरवी ती घेतली जायची. मराठेशाहीतल्या इनामांच्या सनदांतही वेठबिगार माफ केल्याचे उल्लेख येतात. ओझी वाहणं, किल्ल्याची डागडुजी, गवत-लाकूडफाटा, ही ती कामं. पण ही वेठ म्हणजे बहुतेक राज्याला द्यायचा श्रमाचा कर होता. मराठी मुलखातला मिरासदार, म्हणजे वंशपरंपरेच्या हक्काचा शेतकरी, आपली जमीन विकू शकत होता, उपरी, म्हणजे बाहेरून आलेलं कूळ गाव सोडून जाऊ शकत होतं, आणि ओस गावं वसवायला राज्यकर्तेच कौल देऊन माणसं बोलवत. म्हणून रयतेला सरसकट भूदास म्हणणं मला पटत नाही. दामोदर कोसंबी आणि रामशरण शर्मा या इतिहासकारांनी भारतातल्या सरंजामशाहीची मांडणी केली, हरबंस मुखिया यांनी तिच्यावर मूलभूत आक्षेप घेतले. त्या वादात शेतकऱ्याच्या श्रमावर ताबा शेतकऱ्याचाच होता, या मुद्द्यावर मी मुखियांच्या बाजूचा आहे. आणि 'सरंजामशाही' या शब्दानेही फसू नका. मराठ्यांचा सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी नेमून दिलेला महसूल. युरोपातली फ्यूडल व्यवस्था वेगळी, आपण तिला जवळचा म्हणून हा शब्द लावला एवढंच.

आपल्याकडे 'वेठबिगार' या शब्दाने विसाव्या शतकात जी माणसं डोळ्यांपुढे येतात, ती बहुतेक कर्जाने बांधलेली. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून थोडे पैसे घेऊन नवरा-बायको जन्मभर त्याच्याकडे राबायचे, त्यांना 'लग्नगडी' म्हणत. १९४५ मध्ये तलासरी, उंबरगाव, डहाणू भागातल्या वारल्यांनी किसान सभेच्या झेंड्याखाली ही वेठ नाकारली. लग्नगड्याकडे स्वतःची वहिवाट नव्हती, पंचांची रूढी नव्हती, त्याला धरून ठेवणारा दुवा होता तो न फिटणाऱ्या कर्जाचा. इंग्लंडच्या व्हर्गेटवाल्यापेक्षा तो १८६१ नंतरच्या रशियन शेतकऱ्याला जवळचा, आणि त्याहूनही असहाय. राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने बिगार बंद केली. तरी १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा वेगळा कायदा करावा लागला, आणि त्या कायद्याचा मुख्य रोख कर्जावर आहे.

भूदासत्वाच्या रचनेशी जास्त जुळणारी गोष्ट मला दिसते ती महार वतनात. तिथे थोडी जमीन आहे, ती वंशपरंपरेने येते, आणि तिच्या बदल्यात गावाची आणि सरकारची पडेल ती चाकरी आहे, दिवस-रात्र, तीही वंशपरंपरेने. व्हर्गेटची वेठ निदान मोजलेली होती. इथे मोजमाप नव्हतं, आणि वर जातीचा शिक्का, जो युरोपच्या भूदासावर या रूपात कधी नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते नेमकं या जोडणीवर बोट ठेवून: जमिनीवर हवा तर पूर्ण सारा घ्या, पण तिला चिकटलेली चाकरी सोडवा. ही वतनं कायद्याने संपायला १९५८ उजाडलं.

तेव्हा भाषांतर करताना मी असं करतो. व्हिलेनच्या कामाला 'वेठ' म्हणतो, तो शब्द चपखल बसतो. 'वेठ मारल्यासारखं काम' हा आपला वाक्प्रचारही तिथे लागू पडतो, कारण तेराव्या शतकातल्या शेतीच्या पुस्तिका कारभाऱ्याला हेच बजावतात की वेठीच्या माणसांवर नजर ठेवा, ती काम अंगावर घेत नाहीत. 'वेठबिगार' हा शब्द कर्जाच्या बांधिलकीसाठी राखून ठेवतो. आणि 'भूदास' पाठ्यपुस्तकात आहे म्हणून वापरतो, पण त्यातल्या 'दास'मुळे मुलं गुलामच समजतात, म्हणून पहिल्या तासाला फळ्यावर त्याच्याशेजारी 'बांधील कूळ' असं लिहितो. कूळ म्हटलं की आपल्या मुलांना कळतं: या माणसाची जमिनीवर वहिवाट आहे, तो ती सोडायला तयार नाही, आणि त्याचं भांडण खंडाचं आहे. मग 'बांधील' या शब्दावर बोट ठेवून विचारायचं की याचा दावा चालतो कुठे. त्या उत्तरासाठी १३८१ मध्ये लोकांनी कोणत्या वह्या जाळल्या ते सांगितलं की पुरतं.